मोजून घेतलेली दारू

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी रायफलची पूजा केली. सीमा म्हणाली, इतकी वर्षं गाडीची आणि मिक्सरची करत होतो, तेवढी पुरेशी होती. नेम धरायच्या दुर्बिणीच्या, म्हणजे स्कोपच्या, काचेवर हळदकुंकू उडू नये म्हणून आधी स्कोप काढून ठेवला, पूजा झाल्यावर परत बसवला. ऊर्मीने सगळ्याचा व्हिडिओ काढला. मुलगी सोळा वर्षांची आहे आणि हल्ली माझे फार व्हिडिओ काढते. कोणाला पाठवते, बघायला हवं.

यंदा ग्लेनच्या हंटिंग कॅम्पला, कॅनडाच्या जंगलात शिकारीला, जायचंच. ग्लेन म्हणजे आमच्या शूटिंग क्लबातला सगळ्यात जुना माणूस. त्याची अट एकच: शंभर यार्डांवर पेपर प्लेट, तीन गोळ्या, तिन्ही प्लेटमध्ये. परीक्षा २५ तारखेला. शंतनुही परीक्षेला बसतोय. तो नागपूरचा, ऑफिसात माझ्या हाताखाली. दुकानातली तयार काडतुसं आणतो आणि उडवतो. मी स्वतः भरणार. क्वालिटी मॅनेजरने दुसऱ्याच्या मालावर विश्वास ठेवायचा म्हणजे झालंच.

४ ऑक्टोबर, शनिवार
बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनशेजारी टेबल लावलं. काडतुसाचं पितळी कवच म्हणजे केस, ठिणगी देणारा प्रायमर, दारू, गोळी. पुस्तकात दिलंय तस्संच, एक कणही इकडेतिकडे नाही. दारू मोजायचा काटा इतका नाजूक की माझा श्वास लागला तरी आकडा हलतो. म्हणून घरात नियम केला: मी दारू मोजत असताना वॉशर, ड्रायर, घर गरम ठेवणारी फर्नेस, तिन्ही बंद. सीमाने स्वेटर घातला, पण ज्या पद्धतीने घातला ती मला आवडली नाही.

५ ऑक्टोबर
रेंजवर गेलो. पहिली गोळी प्लेटमध्ये. दुसरी प्लेटच्या वर. तिसरी सापडली नाही.
काडतुसांत काही खोट नव्हती, मी स्वतः भरली होती. वारा असणार. शंतनु म्हणाला, वारा तर नाहीच आहे, भाऊ. त्याच्या तिन्ही आत. वाऱ्याबद्दल तो एवढ्या खात्रीने का बोलत होता?

८ ऑक्टोबर
पुण्याहून आईचा फोन. रडत होती. रोज किती घेतोस, म्हणाली. मला काही कळेना. मग उलगडा झाला. काल तिने फोन केला तेव्हा सीमाने सांगितलं होतं की ते खाली बेसमेंटमध्ये दारू मोजतायत, मध्ये बोललेलं त्यांना चालत नाही. आई म्हणाली, मोजून घेतोस हे चांगलंच, पण सोड. बंदुकीची दारू म्हटल्यावर जास्तच रडली.
सीमा म्हणते, तिने अनवधानाने तसं सांगितलं. बावीस वर्षांच्या संसारात ही बाई काहीही अनवधानाने बोललेली नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार
नवीन दारू आणली, नवीन गोळ्या आणल्या. प्रत्येक केसचं तोंड भिंगातून तपासलं. मध्येच ड्रायर सुरू झाला. ऊर्मीचं म्हणणं, Baba, I have no clean socks. हा योगायोग नाही. मुद्दाम शनिवारीच मोजे संपतात.

दुपारी टेबलावर रायफल पुसत होतो. सीमा चहा घेऊन आली, रायफलकडे बघत दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, अहो, तुमचा एक स्क्रू ढिला झालाय.
बेसमेंटमध्ये, माझ्या स्वतःच्या टेबलापाशी, मला. मी चहा प्यायलो नाही. नंतर गार झालेला प्यायलो, पण तिला दिसू दिलं नाही.

१२ ऑक्टोबर
सीमाशी अबोला. ऊर्मी जेवताना म्हणाली, Aai is right, you do have a loose screw, just check it. म्हणजे मायलेकींनी आपसात ठरवलेलं आहे. चेक कर म्हणते, म्हणजे डॉक्टरकडे जा. मी भाजी पुन्हा वाढून घेतली नाही. अपमान झालेला माणूस जेवढं खातो तेवढंच खाल्लं.

१३ ऑक्टोबर, कॅनडाचं थँक्सगिव्हिंग
सुट्टी, म्हणून रेंज. नव्या दारूचा निकाल: एक डावीकडे, एक खाली, एक शेजारच्याच्या टार्गेटवर. शेजारचा माणूस सभ्य होता, थँक्यू म्हणाला.

ग्लेन मागे येऊन उभा राहिला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, बडी, यू मे हॅव अ स्क्रू लूज देअर.
शब्दशः तेच. माझ्या घरातलं वाक्य क्लबात पोचलंच कसं? ग्लेनला मराठी येत नाही. सीमा ग्लेनला कधी भेटलेली नाही. मधे कोणीतरी आहे. शंतनुची बायको अक्षता सीमाच्या भिशीत आहे. दोन अधिक दोन.

१५ ऑक्टोबर
ऑफिसात शंतनुवर पाळत. लंचला त्याने माझ्याकडे दोनदा पाहिलं. मीच सारखा त्याच्याकडे बघत होतो, असं तो म्हणतो. ते वेगळं.

शेवटी सरळ विचारलं की ग्लेनला काय सांगितलंस. त्याने आधी भोळा चेहरा केला. मग म्हणाला, भाऊ, दारूचं सोडा ना, एकदा स्क्रू पाहून घ्या, मी तर कधीचा म्हणणार होतो. कधीचा! म्हणजे सूत्रधार हाच. कॅम्पला जागा एकच उरली आहे आणि ती याला हवी आहे. आधी मला वेडा ठरवायचं, मग जागा घ्यायची. त्याचं अप्रेझल डिसेंबरमध्ये माझ्याच हातात आहे, पण मी त्या थराला जाणारा माणूस नाही. बहुतेक.

१९ ऑक्टोबर
काट्याच्या पारड्याखाली तांदळाचा दाणा सापडला. अक्षतेचा! इतके दिवस माझं मोजमाप यानेच बिघडवलं. नावसुद्धा अक्षता, हा योगायोग किती ओढायचा? सीमा म्हणाली, दसऱ्याला तुम्हीच काट्यावर अक्षता टाकल्या होत्या. मी तो मुद्दा सोडून दिला.

काहीही असो, कोडं सुटलं. सगळी काडतुसं नव्याने भरली. इतकी सुंदर काडतुसं ऑन्टारियोत कोणी भरली नसतील. मन अगदी शांत आहे. कॅम्पसाठी नारिंगी जॅकेट आणि टोपी आणली. सीमाला टोपी दाखवली, अबोला असल्यामुळे नुसतीच दाखवली.

२५ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी
लिहायचं नव्हतं.
शंतनुच्या तीन आत. माझी एकही नाही. एकही! मी म्हटलं, काडतुसांत घातपात झालाय. ग्लेनने शांतपणे शंतनुचं दुकानातलं एक काडतूस माझ्या हातात दिलं. मी ते माझ्याच रायफलमधून उडवलं. तेही बाहेर गेलं. मग ग्लेनने रायफल घेतली, उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि स्कोपला एका बोटाने ढकललं. स्कोप हलला. देवळातली घंटा हलते तसा.

त्याने खिशातून पाना काढून स्क्रू घट्ट केले, दोनचार गोळ्यांत निशाण जुळवलं आणि म्हणाला, आता मार. माझ्याच काडतुसांच्या तीन गोळ्या, तिन्ही प्लेटमध्ये. तिन्हींवर मिळून एक लिमलेटची गोळी झाकण म्हणून बसली असती. मला वाटलं, जिंकलो.

ग्लेन म्हणाला, तू भरलेली काडतुसं फार छान आहेत, इतकी छान मी पाहिली नाहीत. पण मी तुला नेणार नाही. स्क्रू कोणाचाही ढिला होतो. मी सांगितलं, या मुलाने सांगितलं, तू ऐकलं नाहीस. जंगलात मी थांब म्हणालो की बंदूकवाल्याने थांबायला हवं, मी असं का म्हणालो याचा विचार करत बसायला नको.
घरी येईपर्यंत रेडिओ लावला नाही.

२६ ऑक्टोबर
एक प्रश्न उरतोच: स्क्रू ढिला केला कोणी? सीमा? शंतनु? फर्नेस तपासायला आलेला माणूस?
ऊर्मीने फोन समोर धरला. दसऱ्याचा व्हिडिओ. त्यात मी स्कोप परत बसवतोय, स्क्रू बोटांनी फिरवतोय, आणि नैवेद्य दाखवायचाय म्हणून पाना न लावता उठतोय. व्हिडिओ पाहिलेल्यांची संख्या बघितली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
शंतनु पहाटे कॅम्पला गेला. काल येऊन नमस्कार करून गेला. नारिंगी जॅकेट आणि टोपी त्याला दिली. पोरगा वाईट नाही. मला जायचं होतं, फार जायचं होतं.

सकाळी खाली टेबल आवरलं, वॉशिंग मशीनपुढची जागा मोकळी केली. सीमा कपडे घेऊन आली. मीच बोललो. विचारलं, तेव्हा स्पष्ट का नाही सांगितलंस, की बंदुकीचा स्क्रू म्हणतेय म्हणून?
ती ड्रायरमध्ये कपडे टाकत होती. म्हणाली, पहिल्या दिवशी बंदुकीचाच म्हणत होते.