धुक्यातले दोनशे एकवीस यार्ड

ब्रँट्सफर्ड, ओहायो
गुरुवार, सात नोव्हेंबर

प्रिय क्लिफर्ड,

तुला आणि मार्लाला तुझ्या बहिणीचे आशीर्वाद आणि माझा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाची कोरडी हवा त्याला मानवली असेल अशी आशा आहे. इथे आम्ही दोघं खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. नोरीन खरोखरच खुशाल आहे. मी मात्र गेले दहा दिवस धड जेवलो नाही, दारावर थाप पडली की स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो, आणि माझी डाव्या बाजूची दाढ अर्धवट कोरलेल्या अवस्थेत आहे. हे सगळं आपल्या शाळेच्या फुटबॉलमुळे झालं.

शाळेला शंभर वर्षं झाली म्हणून मैदानाच्या फाटकाशी एक दगड बसवायचा ठरलाय. त्यावर शाळेच्या इतिहासातला एका खेळाडूचा सर्वोत्तम हंगाम कोरायचा. समितीच्या अध्यक्ष ड्रुसिला हॉफबाई. (तुला त्यांनी बीजगणितात दोनदा नापास केलं होतं, त्याच. वय एक्याण्णव, आवाज तोच.) त्यांनी मला बोलावून सांगितलं, "ऑर्विल, चाळीस वर्षं मैदानाच्या कडेला बसून आकडे तू लिहिलेस. वह्या तुझ्याकडे. निर्णय तू द्यायचा, शनिवारी, अग्निशमन केंद्रातल्या पॅनकेकच्या न्याहारीला, सगळ्यांसमोर." मी भूगोलाचा निवृत्त मास्तर आहे, मला निर्णय देण्याची सवय नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर त्या निघून गेल्या होत्या.

आता नावं दोनच, हे तुलाही ठाऊक आहे. पहिलं तुझा दोस्त वेंडेल क्रेब्स, साल अठ्ठ्याहत्तर. चेंडू काखेत घेऊन धावायचं, एवढंच त्याचं काम. दहा सामन्यांत दोन हजार दोनशे चौदा यार्ड. गावात शिरताना पाटीवर तोच आकडा रंगवलाय, लोकसंख्येच्या वर. दुसरं गारलँड प्रुएट, साल शहाण्णव. तो धावत नसे, फेकत असे. तेरा सामन्यांत त्याच्या अडतीस फेकी शेवटच्या रेषेपलीकडे झेलल्या गेल्या, आणि शेवटचा सामना तर त्याने बोट मोडलेलं असताना खेळला. आता अडचण अशी, की क्रेब्स हा आमच्या रस्त्यावरचा बर्फ काढणारा नांगर चालवतो आणि प्रुएट हा गावातला एकमेव दंतवैद्य आहे.

क्रेब्स सोमवारी आला. बेल वाजवली नाही. अंगणातल्या वाटेवर उभा राहून ती वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने मोजत होता. त्याचं शरीर तसंच आहे, फक्त वरून आणखी थोडं ठेवल्यासारखं. मी बाहेर गेलो. (नोरीनने ढकललं.) तो म्हणाला, "सर, तुमची वाट लांब आहे." मी म्हटलं, हो. "यंदा बर्फ लवकर पडेल म्हणतात." मी म्हटलं, म्हणतात खरं. मग तो माझ्याकडे असा पाहत राहिला जणू त्याला आणखी काही सांगायचंय, आणि वळून गेला. त्या दिवशी मी दोन फावडी विकत आणली.

मंगळवारी दाढेची वेळ ठरलेली होती. प्रुएटचा स्वभाव गोड आहे, बोलतो लोण्यासारखं, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटते. यंत्र माझ्या तोंडात फिरत असताना तो म्हणाला, "लोक म्हणतात क्रेब्सने दहाच सामन्यांत केलं. मग मी तेरा खेळलो हा माझा गुन्हा का, सर? पुढचे तीन बाद फेरीचे होते, हरलो असतो तर दहाच खेळलो असतो." मी घशातून काहीतरी आवाज काढला. "नाही, तुम्ही तटस्थच राहा. जरा मोठं उघडा." मग त्याने दाढेवर तात्पुरती टोपी बसवली आणि पक्की शनिवारनंतर बघू म्हणाला. शनिवारच का, हे विचारण्याच्या स्थितीत मी नव्हतो, जीभ बधिर होती.

शेवटी काल वह्या काढून बसलो. न्याय करायचा म्हटलं तर सोपं नाही. क्रेब्स सामन्यागणिक दोनशे एकवीस यार्ड धावला, तेही चिखलात, आणि चेंडू त्यालाच मिळणार हे समोरच्या अकराही जणांना माहीत असताना. प्रुएटला मात्र पलीकडे झेलायला हरणासारखी धावणारी दोन पोरं होती. उलट प्रुएटसमोर मोठ्या शहरांतल्या शाळा आल्या, क्रेब्ससमोर आली ती बरीचशी शेतावरून दमून आलेली मुलं. मी पारडं क्रेब्सकडे झुकवत आणलं होतं, आणि तेवढ्यात सातवा सामना उघडला, फेअरबर्नविरुद्धचा. माझंच अक्षर. क्रेब्स, पहिला अर्धा एकेचाळीस, दुसरा अर्धा दोनशे एकवीस. पुढे कंसात, बारीक, "ऐकीव".

क्लिफर्ड, तुला ते धुकं आठवतं का? मध्यंतरानंतर मला माझे बूट दिसत नव्हते. आतून धडका ऐकू यायच्या, मग शिट्टी, मग घामाघूम झालेलं कुणीतरी कडेला येऊन "बत्तीस नंबर, सव्वीस यार्ड" असं सांगून परत धुक्यात शिरायचं. बत्तीस म्हणजे क्रेब्स, मी लिहीत गेलो. ते सांगणारा तूच होतास, असं मला पुसट आठवतं. मी पंचवीस वर्षांचा होतो, कॉलेजसाठी खेळाडू निवडणारा एक माणूस क्रेब्सला बघायला आला होता, आणि "मला दिसलं नाही" असं वहीत लिहायची लाज वाटली. पण ते धुक्यातले दोनशे एकवीस वजा केले तर क्रेब्स दोन हजारांच्या खाली येतो, आणि पाटी खोटी ठरते. ती शेहेचाळीस वर्षं माझ्या भरवशावर उभी आहे. हे मी नोरीनला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "क्लिफर्डला विचार." आणि सोलत राहिली. फोन मी तीनदा उचलला आणि ठेवला. म्हणून हे पत्र. ते शनिवारच्या आत पोचणार नाही हे मला कळतं, आणि खरं सांगायचं तर त्याचाच थोडा आधार वाटतो.

तुझा घाबरलेला मेहुणा,
ऑर्विल

ता. क. शनिवार दुपार. पत्र टाकायचं धाडस झालं नाही, ते बरं झालं. सकाळी दोनशे माणसं पॅनकेक खात असताना मी उभा राहिलो. हॉफबाईंनी खुर्ची पुढे सरकवली, तिची पाठ मी धरून ठेवली. मी सांगून टाकलं, की फेअरबर्नचा दुसरा अर्धा मी पाहिलेला नाही, तो आकडा माझा नाही, आणि तो धरून निर्णय देता येत नाही. काटे-चमचे थांबले. मागच्या बाकावरून क्रेब्स उठला. तो माझ्याकडे चालत येत असताना मी मनात तुझ्या बहिणीचा निरोप घेतला. तो शेजारी येऊन लोकांकडे वळला आणि म्हणाला, "सर बरोबर बोलतायत. मध्यंतरात माझा घोटा सुजला होता. क्लिफर्डने माझा शर्ट घातला आणि तो धावला. म्हणाला, कॉलेजवाला आलाय, तू बस, नाव तुझंच लागेल. सोमवारी हेच सांगायला आलो होतो, जमलं नाही." (कॉलेज त्याला एकच वर्ष मिळालं, बाप आजारी पडला म्हणून परत आला, हे तुला माहीत आहेच.) मग प्रुएट म्हणाला, दगडावर दोन्ही नावं घाला. क्रेब्स म्हणाला, "नको. तुझंच घाल. मोडलेल्या बोटाने मला नसतं जमलं." तसंच ठरलं. नोरीन तेव्हा सगळ्या संघाचे शर्ट धूत असे. तुझा शर्ट त्या दिवशी अर्धाच मळला होता, हे तिला तेव्हापासून ठाऊक होतं. मला का नाही सांगितलंस विचारलं, तर म्हणाली, तू विचारलं नाहीस.

ता. ता. क. आता खरं काम. क्रेब्सला फोनवर बोलता येत नाही. तो सोमवारी पहाटे त्याच्या ट्रकने तुझ्याकडे निघतोय, दोन हजार मैल, आणि सोबतीला मलाही चल म्हणाला. नाही म्हणायचं ठरवलं होतं, तोंडातून हो निघालं. पत्र आमच्या आधी पोचावं म्हणून जलद टपालाने टाकतोय. गुरुवारी दुपारी घरी राहा. दार तू उघड, मार्लाला पाठवू नकोस. मी ट्रकमध्येच बसेन. त्या शर्टाबद्दल त्याला तुला एकच गोष्ट विचारायची आहे म्हणे. कोणती, ते मी विचारलेलं नाही. चार दिवस त्याच्या शेजारी बसायचं आहे मला.