सतरा नंबरचं वजन

बुधवार, १४ मार्च

ती. दादास,

शि. सा. नमस्कार. आम्ही ठीक आहोत. वहिनीचा गुडघा कसा आहे? शेक चालू ठेवायला सांग. ती ऐकायची नाही, तरी सांग.

परवा तू चहा न घेताच गेलास म्हणून ह्यांना वाईट वाटलं. मला सुटल्यासारखं वाटलं. रागावू नकोस.

चौकशी आयोगापुढे उद्या अकराला जायचंय. तू सांगितलंस तसं घोकतेय: लढाईचे दिवस, माणसं कमी, घाईत चुकलं. पण दारावर थाप पडली की पाचावर धारण बसते. काल मीटर बघणारा आला, तर मी न्हाणीत जाऊन कडी लावून बसले.

छावणीत नर्स म्हणून माझं काम एवढंच, दर सोमवारी कैद्यांची वजनं घ्यायची. ती उतरायला लागली तेव्हा तू, माझा साहेब, म्हणालास, "काटा बिघडलाय. मागचेच आकडे लिही." काटा बिघडला नव्हता, दादा. मी स्वतः त्यावर उभी राहून पाहिलं होतं. तरी लिहिलं. पुढे पुढे तर मान वर न करता लिहीत गेले. सतरा नंबरचा तो शिक्षक, एकसष्ट किलो. मागच्या खोलीतून त्याचं ओरडणं ऐकू यायचं, तेव्हाही एकसष्ट. तो गेला, त्यानंतरचे तीन सोमवारही एकसष्ट. अक्षर माझं, खाली सही तुझी.

सरकार म्हणत होतं, कुणाचे हाल झाले नाहीत, वजनं बघा. आयोगाने बघितली. आता मी "घाईत चुकलं" म्हटलं की सगळं एका नर्सवर येईल आणि वरचे हात झटकून मोकळे.

त्या शिक्षकाची बायको रोज आयोगाच्या बाहेरच्या बाकावर बसते म्हणे. तिच्यासमोरून कशी जाऊ? तिची भीती वाटते. तुझी त्याहून जास्त. परवा निघताना माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, "हिला जप." तसल्या आवाजात तू घरात कधी बोलला नव्हतास. छावणीत बोलायचास. आज सकाळीच ह्यांनी तिला दुसरीकडे नेलं. कुठे, ते लिहीत नाही.

उद्या मी सगळं सांगणार आहे. माझंही आणि तुझंही. हे पत्र आत्ताच येऊन तुझ्या दारावरच्या पेटीत टाकते, म्हणजे मला माघार घेता यायची नाही.

तू उद्या आलास तर मागे बस. समोर दिसलास, तर माझ्याने बोलवणार नाही.

तू लहानपणापासून म्हणतोस तीच,
भित्री