पॅकिंगला मदत करणारे

१ नोव्हेंबर २०१४, शनिवार. फुनाबोरी, टोक्यो.
रिमोटचं विमान बांधून झालं. म्हणजे तयार कधीच होतं. आज गाडीत नीट बसेल असं बांधलं. मंदार ओजिमाहून गाडी घेऊन आला, मागची सीट पाडली. नेहमीप्रमाणे बांधणार मी, चालवणार तो. मला इथलं लायसन मिळेना. मागच्या टेस्टला गाडीत बसण्याआधी वाकून गाडीखाली बघितलं नाही म्हणून नापास. काय असणार होतं गाडीखाली? मांजर?

पंख उभेच ठेवायचे. जाड कड खाली, पातळ कड वर. पातळ कड बाल्साच्या हलक्या लाकडाची, तिच्यावर भार आला की चुरगळलीच. खाली फोमच्या नळ्या, शंभर येनच्या दुकानातल्या. वैशालीने जुन्या साडीच्या पिशव्या शिवून दिल्यात, प्रत्येक पंखाला एक. बॅटरी वेगळी, पत्र्याच्या डब्यात. शेपटीवर काहीही टाकायचं नाही, मं.चं जॅकेटसुद्धा नाही. तो हसतो. हसू दे.

गाडी आजच भरली, उद्या तो मला फक्त उचलणार. पहिलं उड्डाण! निशी-कसाईतल्या इंडियन दुकानातून नारळ आणलाय.

२ नोव्हें., रवि.
सकाळी मं.चा मेसेज. नदीकाठी वारा फार आहे, रद्द. विमान गाडीतच राहू दे, आठवड्यात आणून देतो.

हिरमुसलो. पण मं. म्हणतो तर असेल वारा. २०११च्या मार्चमध्ये भूकंपानंतर, तेव्हा आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, तिथले आपले सगळे मिळेल त्या तिकिटाने पळाले, आम्ही दोघंच मागे राहिलो. जरा हललं की एकमेकांना फोन. हाताला चाळा हवा म्हणून पहिलं छोटं विमान तेव्हाच केलं, त्याच्या स्वयंपाकघरात. हे मोठं माझ्या घरी, दोन हिवाळे खपून. जोडीने करायचं, जोडीने उडवायचं, असं ठरलेलं.

५ नोव्हें., बुध.
मं. विमान ठेवून गेला. चहालाही थांबला नाही.

पिशव्या सोडायला घेतल्या. मी सुरगाठ मारतो, इथे निरगाठ. डावा पंख उलटा घातलेला, पातळ कड खाली, बोटभर चुरगळलीये. पोटाखाली हिरवे ओरखडे, फटीत गवताचं बी. हे विमान पोटावर उतरतं. म्हणजे उतरलंय कुठेतरी.

फोन केला. उडवलंस का?
"तुझ्याशिवाय? वेडा आहेस का?"
क्षणभर अडखळलासुद्धा नाही.

वैशाली म्हणते, उगाच संशय घेतोस, बघायला काढलं असेल कोणाला दाखवायला. असेल. नसेल. झोप नाही.

८ नोव्हें., शनि.
डाव्या पंखासाठी बाल्सा आणायला मॉडेलच्या दुकानात गेलो. तिथे साकाई-सान, नदीकाठच्या मैदानावरचे सगळ्यात जुने. वाकून अभिनंदन केलं. म्हणाले, गेल्या रविवारी काय सुंदर हवा होती, पानही हलत नव्हतं. मंदार-साननी आपल्या ऑफिसच्या साहेबांच्या हातात रिमोट दिला, साहेब एकदम खूश. आणि मग, अगदी प्रेमाने:
"तुम्ही पॅकिंगला मदत करणारे ना? मंदार-सान सांगत होते. फार छान बांधता."

पॅकिंगला मदत करणारे.

मीही वाकलो. इथे राहून राहून कंबर आधी वाकते, डोकं मागून येतं. थँक्यू म्हटलं, बाल्सा घेतला, घरी आलो.

वैशालीला सांगितलं. आधी एवढंच म्हणाली, "नारळ न फोडताच उडवलं?" मग तिचेच डोळे भरले. संध्याकाळी तो नारळ फोडून चटणी केली. मला गेली नाही.

११ नोव्हें., मंगळ.
मं.चं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरला संपतंय, साहेबाला विमानांचं वेड. कळतं मला, मी काय कुक्कुलं बाळ नाही. पण मागायचंस की! मीच म्हटलं असतं, साहेबाला उडवू दे. साहेबाच्या हातून नारळ फोडून घेतला असता. बांधायला मी चालत होतो, फक्त तिथे दिसायला नको होतो. केसाने गळा कापला गाढवाने.

त्याचाच फोन आला. या रविवारी नक्की, शनिवारी गाडी भरून ठेवू. "पहिलं उड्डाण तुझ्या हातून हं." पहिलं म्हणाला. मी बरं म्हटलं.

१५ नोव्हें., शनि.
डावा पंख नीट केला. सांधा हाताला लागत नाही. मग सगळं बांधलं.

डाव्या पिशवीत पंख नाही. पडद्याचा रॉड, फोमच्या नळ्या, वर टॉवेल गुंडाळलाय. आकार तोच, वजनही जवळपास. पंख कपाटामागे.

ठरवलंय. उद्या तो मला न्यायला आला की पंख काखेत घेऊन खाली उतरायचं. तोंडावर दाखवायचा, चार शिव्या हासडायच्या, आणि विषय संपवायचा. यावा. खरंच यावा.

गाडी भरताना सरळ विचारलं, "मंदार, तुला मला काही सांगायचंय?"
"कशाबद्दल?" म्हणाला, आणि डिकी लावली.

१६ नोव्हें., रवि.
सकाळपासून तयार. बूट घालून दाराशी, पंख शेजारी.

मेसेज आला. आजही वारा आहे रे, पुढच्या रविवारी नक्की.

गॅलरीत गेलो. वैशालीची ओढणी दोरीवर सरळ खाली लोंबतेय. चिमटाही लावलेला नाही.

बूट काढले. एवढं वाईट मला दुकानात साकाई-सानसमोरही वाटलं नव्हतं. तेव्हा एकदाच झालं होतं. एकदा माणूस घसरतो. आज त्याने नीट विचार करून केलं, कालचा माझा चेहरा डोळ्यांसमोर असताना.

आता मैदानावर पिशव्या सोडत असेल. साहेब शेजारी उभा असेल.

फोन वाजतोय. मंदार. बंद झाला. पुन्हा वाजतोय. वैशाली स्वयंपाकघरातून म्हणतेय, उचल ना रे. पंख मांडीवर घेऊन बसलोय. उचलला तर काय सांगेल, वारा पडला, ये?