घरटी एक कल्पना

शहादे, ता. ३ डिसेंबर १९३६

नोटीस! पुण्याच्या वकिलाची, रजिस्टर टपालाने. नाव ह्यांचं, कारण पुस्तकावर नाव ह्यांचंच छापलंय. लिहिलं मी. ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक. इंदरमल शेटांच्या सुनेने कादंबरी लिहिली हे कळलं असतं, तर सुसराजींनी छापखान्यालाच कुलूप घातलं असतं!

म्हणणं काय, तर पुण्याच्या एका नामांकित कादंबरीकारांची "मूळ कल्पना" आम्ही चोरली. सासऱ्यापुढे कधीच तोंड न उघडणारी, घुंघटातली मारवाडी सून — ही म्हणे त्यांची कल्पना! सगळ्या प्रती जाळा, वर्तमानपत्रात माफी मागा.

त्यांची कल्पना! आमच्या गल्लीत घरटी एक आहे. माझं लग्न होऊन अकरा वर्षं झाली, सुसराजींनी अजून माझा आवाज ऐकलेला नाही.

ता. ४

हे रडकुंडीला आलेत. सुसराजींचं एकच — "आपांनै कोरट-कचेरी नहीं चाहीजै. माफी लिख दे, बात खतम." आणि माझं पुस्तक? ते चुलीत!

खरं तेच लिहिते. त्यांची कादंबरी मी वाचली होती. वाचली नि भिरकावून दिली. सून खंगून मरते, मग सासरा दोन आसवं गाळतो — झालं! त्या रागातच मी माझी लिहायला बसले. ही चोरी असेल तर रागावायचीही चोरी.

ता. ६

ह्यांना स्पष्ट सांगितलं — माफी लिहाल तर मी धुळ्याला, माहेरी. आधी वकिलाला तरी विचारा! विचारणार आहेत. रतिलालभाई, मूळचे म्हसावदचे गुजर, नंदुरबारला वकिली करतात. बुधवारी येताहेत.

ता. ९, बुधवार

झोप कसली येतेय! सगळं लिहूनच काढते.

बैठकीत सुसराजी, हे आणि रतिलालभाई. दाराआड सासूजी नि मी. रतिलालभाईंनी दोन्ही पुस्तकं वाचून आणलेली. माणूस पक्का! म्हणाले, "शेटजी, कल्पना कोनाच बापनी नही. शब्द मातर ज्याना त्याना." कायदा म्हणे हाच. वाक्यं उचलली, प्रसंग जसेच्या तसे घेतले, तर गुन्हा. नुसत्या कल्पनेवर कुणाची मालकी नाही. मग ह्यांना विचारलं, त्यांची गोष्ट नि तुमची, फरक काय ते तुमच्या तोंडून सांगा, उत्तरात घालतो.

हे पुस्तकाची पानं चाळायला लागले! स्वतःच्या नावाचं पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही ना! तिसऱ्या प्रकरणातच झोप लागायची. नि जेवढं वाचलं, ते वडिलांपुढे कसं सांगणार!

शेवटी मी सासूजींच्या कानात सांगू लागले. आमच्यात रीतच तशी — सून सासूला हळू सांगते, सासू मोठ्याने सासऱ्याला. मी इतकं सांगितलं, की माझ्या पुस्तकातली सून माहेरी शिकलेली, तिला सगळं कळतं, ती मनात उत्तरं रचते... सासूजी मोठ्याने म्हणाल्या, "बींदणी कहवै, चोरी कोनी करी." सून म्हणते चोरी केली नाही, एवढंच. संपलं! मी पुन्हा कानात — त्यांच्या पुस्तकात सून मरते, आमच्या पुस्तकात पहिल्याच पानावर सासरा मरतो, नि मग सून बोलायला लागते.

सासूजींनी माझ्याकडे असं पाहिलं! "आ बात म्हारै मूंडै सूं नहीं निकळै." बरोबरच आहे. जिवंत नवऱ्यासमोर कोण म्हणेल?

पलीकडे रतिलालभाई नोटिशीची घडी घालू लागले. सुसराजी म्हणाले, "लिख दे माफी." आणि माझं तोंड आपोआप उघडलं!

"माझ्या पुस्तकात सासरा मरतो! पहिल्या पानावर! त्यांचं एक वाक्य दाखवा माझ्यात, मी स्वतः प्रती जाळीन!"

 रतिलालभाईंनी दाराकडे तोंड केलं. "वहिनी, हाई पुस्तक तुम्ही लिखेल शे का?"

"हो. मी लिहिलंय."

मग थांबलेच नाही! प्रसंगामागून प्रसंग सांगत गेले, ते भराभर लिहून घेत होते. जाताना म्हणाले, "शेटजी, इतला पक्का अशील माले कधी भेटना नही." सुसराजी उठून दुकानात गेले. 

ता. १०

सासूजी बोलत नाहीत. पोळ्या मात्र माझ्या ताटात दोन जास्त.

ता. १२

उत्तर पुण्याला रवाना. सही ह्यांची. हे म्हणतात, "सही करताना लाज वाटली." मी म्हटलं, वाटू दे.

ता. ५ जानेवारी १९३७

जिंकले!! पुण्याहून वकिलाची चार ओळींची चिठ्ठी — आमचे अशील हे प्रकरण पुढे नेऊ इच्छित नाहीत. प्रती राहणार, माफी नाही! स्वयंपाकघरात फुगडी घालावीशी वाटली. एकटीने घालता येत नाही म्हणून सासूजींना ओढलं. दोन गिरक्या घेतल्या त्यांनी!

हे बाजारातून बर्फी घेऊन आले. रतिलालभाईंना एक पेटी पाठवली.

सुसराजींचा अजून चकार शब्द नाही. तेवढं सलतंय.

ता. ७

सुसराजींनी आज बैठकीत बोलावलं. सासूजींमार्फत नव्हे — मला! समोर पुस्तक. त्यांना वहीची महाजनी लिपी तेवढी येते, छापील अक्षर वाचता येत नाही. पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "बींदणी, म्हैं मर्यो कियां, बा तो सुणा!"

मी मेलो कसा ते ऐकव, म्हणे!

पहिलं पान काढलं. घुंघटातून अक्षरं दिसेनात. वर सारला नि वाचायला लागले.