माझ्या माता नेमक्या कुठल्या?

तीर्थरूप धनुआक्काच्या चरणी सुपडूचा नमस्कार (लांबूनच, कारण पुढे येतंय). तुझे गुडघे कसे आहेत? विसरवाडीची भाचेमंडळी ठीक ना? फोन करता आला असता, पण फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो, म्हणून पत्र.

तर आक्का, नात भाविका शाळेतून कांजिण्या घेऊन आली. पोरीच्या अंगभर फोड, पण खरी काळजी तिच्या आईची. सूनबाईला, म्हणजे रोहिणीला, सातवा महिना. अशात कांजिण्या झाल्या तर तिलाही धोका आणि पोटातल्यालाही. शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणी येऊन गेल्यात का? रोहिणीला आठवेना, तिच्या आईलाही आठवेना (पाच पोरांत कोणाला काय झालं, ती तरी काय सांगणार). रक्त तपासायला गेलं आणि तिच्या नवऱ्याने, आमच्या नवनीतने, जेवणच सोडलं. बाईंनी त्याला समजावलं, की एकदा कांजिण्या येऊन गेल्या की शरीरातल्या काही पेशी त्या विषाणूची ओळख वर्षानुवर्षं जपतात. तो पुन्हा आला तर पसरायच्या आत त्याला गाठतात.

हे ऐकून मी पुढे झालो. तू जन्मभर सांगत आलीस, "सुपडूले माता उनी व्हती, मीच त्याले निंबना पालावर निजाडं." माता म्हणजे कांजिण्याच, असं धरून मी जाहीर केलं, पोरीजवळ मीच बसणार. तुझ्या भावजयीला, कोकिळाला, कांजिण्या नक्की येऊन गेलेल्या, ती बसते म्हणत होती; मी ऐकलं नाही. पोरीला भरवलं, तिच्याच ताटात जेवलो. तेवढ्यात रोहिणीचा रिपोर्ट आला. तिच्या रक्तात संरक्षण होतं. कांजिण्या कधी येऊन गेल्या ते तिचं तिलाच ठाऊक नाही. नवनीत ओट्यावर बसून रडला, आणि मग दोन माणसांचं जेवला.

पोरगी बरी झाली आणि मी तापलो. फोड डोक्यात, कानात (आणखी कुठे ते वडील बहिणीला लिहिण्यासारखं नाही). बाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला लहानपणी बहुतेक गोवर आला असेल." आपण दोन्हींना माताच म्हणतो, पण शरीराला असा घोळ चालत नाही. गोवराशी लढलेल्या पेशी कांजिण्यांना ओळखतच नाहीत म्हणे. मोठेपणी त्रास जास्त, म्हणून गोळ्या चालू आहेत आणि मी मागच्या खोलीत पडून आहे. जवळ भाविका बसते, तिला आता भीती नाही. मी नख लावलं की हातावर चापट मारते आणि म्हणते, "आजला, खाजाडू नको, डाग पडतीन." काल तिने मला भरवलंसुद्धा. डोळे भरून आले (तिला सांगितलं, तापामुळे).

तरी काळजी करू नकोस. एवढ्या लांबून येण्याची दगदगही नको.

तुझा धाकटा,
सुपडू

ता. क. खरं म्हणजे ये. कोकिळा बोलत नाही. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली, "तुमले कोनी सांगेल व्हतं मझार जावानं?" आत जायला कोणी सांगितलं, तर मी तुझं नाव सांगितलंय. येऊन एकदा तिच्यासमोर कबूल कर, की चूक तुझी.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालायला कोकिळाकडे दिलं, तिने वाचलं. म्हणाली, "बहीन-भाऊ दोन्ही सारखाच शेतस." बोलली म्हणजे काम झालं. आता तू येऊ नकोस. नागलीचे पापड तेवढे कोणाच्या तरी हाती पाठव.