वाटणीत खोललेली जीप

अमडापूर,
आषाढ वद्य पंचमी (तारीख तुझ्या मोबाइलात पाहून घे)

चि. ज्ञानेश्वर यास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. (नको असतील तर परत पाठव, पण पत्र तेवढं वाच.) तुझी, सुचिताची आणि हर्षलची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. शेगावात महाराजांच्या पायाशी राहता, म्हणजे ठीक असायलाच पाहिजे. इकडे तुझ्या वहिनीचे गुडघे, माझा खोकला आणि म्हशीचा स्वभाव तिन्ही पूर्वीसारखेच आहेत. तू फोन उचलत नाहीस म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. (पोस्टातल्या बाईनं विचारलं, कोर्टाचं आहे का? आजकाल भाऊ भावाला दुसरं काय पाठवतो, असं तिचं म्हणणं.) तर येत्या श्रावणात आईचं वर्षश्राद्ध आहे. त्याला तू यावंस, एवढंच मागणं. हे एका ओळीत मावलं असतं, पण मधे जीप आली.

आपली जीप मी चालू केली. हसू नको. नऊ वर्षांपूर्वी आपल्या वाटणीत शेतात बांध पडला, भांडी तराजूत गेली आणि चांगली चालती जीप पान्यांनी खोलली गेली. बाबांनी हौसेनं नावं ठेवली निवृत्ती-ज्ञानेश्वर, आणि त्या नावाच्या पोरांनी सांगाडा एकाला, इंजिन एकाला असं करून घेतलं. पंच म्हणून बसलेले इंद्रभानकाका शेवटी चिडले, “बैल असता तं कापला असता काय बे?” आपण दोघंही खाली पाहत राहिलो. पाचव्या चाकावरून अख्खी दुपार गेली, तेव्हा ते काकांनी स्वतःच्याच घरी नेलं. हॉर्नवरून एकमत होईना, तेव्हा तो आईला दिला. सहा महिने माझ्याकडे आणि सहा महिने तुझ्याकडे राहणारी आपली आई तो हॉर्न जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीतून इकडे-तिकडे नेत राहिली. तुझ्या इंजिनाला पट्टा लागला आणि ते विहिरीवर पाणी उपसू लागलं. माझ्या सांगाड्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. तुझ्या वहिनीच्या मते माझा वाटा तुझ्यापेक्षा जास्त फायद्याचा निघाला.

मागच्या दिवाळीपासून, शेतीतून सवड मिळेल तसा, मी तिच्या मागे लागलो. चिखलीहून प्रेम मिस्त्री यायचा. पहिल्या दिवशी त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “काका, हिच्यात गाडी कमी अन् कोंबड्याच जास्त हायेत.” बॉनेटमधून दोडक्याचा वेल वर आला होता. तो उपटणार तर वहिनी म्हणाली, फुलावर आलाय, दोडके निघू द्या. दीड महिना दोडक्यांसाठी थांबलो. (खाऊन खाऊन मला दोडक्याचा वास आला तरी ब्रेक ऑइल आठवतं.) मग खामगावच्या भंगारातून दुसरं इंजिन आणलं. चारही चाकांना जोर देणारा तो आखूड दांडा गंजून इतका घट्ट बसला होता, की आठ दिवस डिझेल पाजलं तेव्हा कुठे हलला. आईच्या पेटीतून हॉर्न काढला. लुगड्याला अजून तिच्या मिश्रीचा वास होता. तो हॉर्न लावला त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही.

पहिल्यांदा गाडी सुरू केली तेव्हा ती गिअरमध्ये होती, हे मला ठाऊक नव्हतं. कसं असणार? चालवायचास तू. मी शेजारी बसून मिशीला पीळ द्यायचो आणि लोकांचे रामराम घ्यायचो. गाडी उडाली ती थेट गोवऱ्यांच्या उडवीतून पार होऊन म्हशीच्या गव्हाणीपाशी थांबली. म्हशीनं तीन दिवस दूध दिलं नाही. प्रेमनं शांतपणे सांगितलं, “काका, ब्रेक नावाची बी एक चीज राह्यते.” आता मला पुढे जाता येतं, मागे येणं अजून जमत नाही. म्हणून एका लग्नात अख्ख्या मांडवाला वळसा घालून परतलो. नवरदेवाच्या घोड्यानं माझ्याकडे पाहिलं ते काही चांगल्या नजरेनं नाही.

परवा आपल्या घराजवळच्या नाल्याला पाणी आलं. मागच्या श्रावणात आलं होतं साधारण तेवढंच. तेव्हा आई माझ्याकडे होती. भर दुपारी तिला दम लागला. रपट्याच्या त्या बुटक्या पुलावरून गुडघ्याच्या वर पाणी, आणि ओढ अशी की माणूस पाय टेकवू शकत नव्हता. दवाखान्याची गाडी पलीकडे येऊन उभी होती. ती आम्हाला दिसत होती, तिच्यातला माणूस हात करत होता. गोविंदाचा ट्रॅक्टर येईस्तोवर बाजेवरच सगळं आटोपलं. अंगणात जीप उभी होती, तिच्यात इंजिन नव्हतं. परवा त्याच पाण्यात मी वहिनीला शेजारी बसवलं, चारही चाकांना जोर दिला आणि तोच नाला ओलांडला. घड्याळ लावून ओलांडला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही, ज्ञानेश्वर. पलीकडे जाऊन गाडी बंद केली आणि मी रडलो. वहिनीनं पदर पुढे केला.

आईच्या तेरवीला आपल्या ओट्यावर कुणीतरी म्हणालं, “लहान्यानं इंजिन नेलं नसतं तं बुढी वाचली असती.” ते तू ऐकलंस. दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावून तू शेगावला गेलास. गाव अजून तेच म्हणतं.

बाकी क्षेम. सुचिताला आणि हर्षलला आशीर्वाद. येण्याचं कळव. बस स्टँडवर जीप घेऊन येईन. (स्टँडला वळसा घालायला जागा आहे, पाहून ठेवलं.)

तुझा,
निवृत्तीदादा

ता. क. — माझा डोळा तुझ्या इंजिनावर आहे असं मनात आणू नको. ते तुझ्या विहिरीवर जसंच्या तसं आहे. ताडपत्री फाटली होती, ती मी बदलली.

ता. क. दुसरं — वरचं पत्र लिहून चार दिवस झाले, पाकीट चिकटवलं नव्हतं. वाटणीच्या आदल्या दिवशी तू गोठ्यात माझ्याकडे आला होतास. म्हणालास, “दादा, गाडी खोलू नको. पुरी तूच ठेव. आईले कुठं न्यायचं असलं तं मले हाक मारजो, मी चालवून नेतो.” मी म्हणालो, पाहू. आणि पंच बसायच्या आधी इंद्रभानकाकांच्या घरी जाऊन सांगून आलो, की लहाना इंजिनासाठी अडून बसलाय. मला गाडी चालवता येत नव्हती, आणि जन्मभर तुझ्या शेजारी बसून राहायचं मला नको होतं. काकांनी ते तुझा हट्ट म्हणून सगळ्यांसमोर मांडलं. तुला तेव्हाच कळलं असणार. माझा मान राखायला तू गप्प राहिलास. तेरवीलाही गप्प राहिलास. मीही त्याच ओट्यावर बसलो होतो, आणि माझंही तोंड उघडलं नाही. आता काका नाहीत, आई नाही. हे तुला आणि मलाच ठाऊक आहे.

श्राद्धाला भाऊबंद जमतील तेव्हा मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. पण मी मला ओळखतो. ऐनवेळी काहीतरी गंमत करीन, लोक हसतील आणि सांगायचं राहून जाईल. तसं झालं तर थांबू नको. हे पत्र खिशातून काढ आणि मोठ्यानं वाच. वरचं काही वाचू नको, फक्त हे दुसरं ता. क. वाच. कुणी खोटं म्हणू नये म्हणून खाली पूर्ण नावानं सही करतो.

निवृत्ती मोतीराम इंगळे