खोडरबरला धडा शिकवण्याचा कोर्स

३ जून, सोमवार
आजपासून युद्ध. प्राचार्य ऑनलाइन जलरंगाचा कोर्स खोडरबरला देणार म्हणे. माझीच जुनी विद्यार्थिनी. कागद फाटेपर्यंत खोडायची म्हणून हे नाव मीच ठेवलं. आता तिचे व्हिडिओ म्हणे छान असतात. केबिनमध्ये जाऊन सुनावलं. प्राचार्य म्हणाले, बरं, दोघंही महिनाअखेर एकेक नमुना व्हिडिओ द्या, मग ठरवू. मनातून टरकलेत.

संकल्प: असा व्हिडिओ करायचा की बाई ब्रश ठेवून टायपिंगच्या क्लासला जाईल.

५ जून
तिचे व्हिडिओ पाहिले. शत्रूचा अभ्यास हवा. वरून कॅमेरा, नुसता कागद आणि हात, खिडकीचा उजेड, मोजकं बोलणं. काही दम नाही. सगळे पाहिले. काही परत पाहिले, चुका काढायला. ओल्या कागदावर रंग सोडायची युक्ती माझी, पण माझं नाव घेतलं नाही. कृतघ्न कार्टी. हे विसरणार नाही.

९ जून, रविवार
शूटिंग. मोबाइल छताच्या पंख्याला बांधला. वरून कॅमेरा कुणालाही सुचतो, तिच्याकडून उचलला असं नाही. बायको बाजारात जाताना म्हणाली, पंखा लावू नका. मला काय एवढंही कळत नाही? मग फार उकडायला लागलं आणि कुणीतरी बटण दाबलं. घरात मी एकटाच होतो, तेव्हा चौकशी करण्यात अर्थ नाही. मोबाइलची काच गेली.

१४ जून
मोबाइल फळीला बांधला. आकाश रंगवलं, अप्रतिम. व्हिडिओत मात्र अर्धा तास माझं टक्कल. बायको म्हणाली, उजेड छान पडलाय. ही नक्की कुणाच्या बाजूने आहे?

२१ जून
टक्कल टळलं. प्रस्तावना जरा लांबली. गुरू, निष्ठा, आजकालची पिढी. ब्रश ओला होईपर्यंत मोबाइलची मेमरी भरली. ऐकता ऐकता बायकोचे डोळे मिटले. तल्लीन झाली असावी.

२८ जून
जमलं! नवा कॉलर माइक लावला. मान मागे धरून धरून आखडली, पण नदी, होडी, पाण्यातली सावली, सगळं एका बैठकीत. आणि रंगवताना तोंड सुरू. नाव न घेता खोडरबरची अशी बिनपाण्याने केली की पंधरा दिवस झोपणार नाही. बायको म्हणाली, पाठवण्याआधी एकदा बघा तरी. कलावंत मागे वळून बघत नाही. पाठवला.

२ जुलै
प्राचार्यांचा फोन. त्यांनी आणि खोडरबरने एकत्र पाहिला. मी विचारलं, तिचा चेहरा कसा झाला होता? म्हणाले, डोळ्यांत पाणी आलं. जिंकलो!

मग म्हणाले, तुमचा माइक चालू करायचा राहिला बहुतेक, आवाजच नव्हता. पण काय हात चालतो हो तुमचा. ती म्हणाली, सरांचा हात बघूनच मी शिकले. म्हणून ठरलं, कोर्स तिचा. पडद्यावर हात माझे, आवाज तिचा.

मी विचारलं, आणि माझं नाव? शेवटी येईल म्हणाले, बारीक अक्षरात.

फार वाईट वाटलं. जेवलो नाही.

३ जुलै
होकार कळवला. गोटात शिरल्याशिवाय सूड उगवता येत नाही.

संध्याकाळी तिचा मेसेज. सर, सगळं क्लोज-अपमध्ये आहे, उद्या येताना नखं कापून याल का?

कापली.